‘जावा टाकलं, पण चालायलंच नाही’: पाथ आणि जावा_होम नीट बसवण्याची रीत

“सर, जावा टाकलं की, पण चालायलंच नाही.” बीसीएच्या पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी हेच वाक्य घेऊन येतात. उदगीर, अहमदपूर, देगलूर, मुखेड, गाव कुठलंही असो, लॅपटॉपवर दिसणारी ओळ तीच असते: ‘जावासी इज नॉट रेकग्नाइज्ड अ‍ॅज अ‍ॅन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’. मग पोरगं जावा काढून टाकतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दीड-दोनशे एमबी पुन्हा उतरवतं, पुन्हा बसवतं. ओळ काही हटत नाही. जावा बसलेलं असतंच, ते कुठे बसलंय एवढंच विंडोजला ठाऊक नसतं.

हा लेख विंडोज १० आणि ११ वर पहिल्यांदा प्रोग्रॅम कंपाइल करून चालवणाऱ्यांसाठी आहे. सगळी मांडणी जावा धरून केली आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. सी आणि पायथॉनसाठी काय बदलतं ते शेवटाकडे आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. इथे आज्ञा आणि पत्ते देवनागरीत लिहिले आहेत, पण टाइप करताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीच हवेत. ‘जावासी’ हा जावाचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम चालवता येईल अशा रूपात बदलणारा. लिहिताना जावा या शब्दाला चिकटून सी, मध्ये जागा नाही. ‘पाथ’ म्हणजे पी-ए-टी-एच. ‘जावा_होम’ (जावा कुठे बसलंय ते इतर साधनांना सांगणारी नोंद) यातली रेघ अंडरस्कोर आहे, ती शिफ्ट दाबून येते.

## पाथ म्हणजे काय, तेवढंच

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात. कुणाला सामान आणायला धाडलं आणि हातात फक्त तीन रस्त्यांची नावं दिली, तर तो त्या तीनच रस्त्यांवर, दिलेल्या क्रमानं फिरेल. पहिल्या दुकानात वस्तू मिळाली की तिथूनच माघारी येईल. चौथ्या रस्त्यावर तीच वस्तू चांगली मिळत असली तरी तिकडे जाणार नाही. तिन्हीत मिळाली नाही, तर ‘नाही मिळाली’ म्हणून रिकाम्या हातानं परत येईल.

पाथ ही ती यादी. त्यात फोल्डरांचे पत्ते एकापुढे एक, अर्धविरामानं वेगळे करून लिहिलेले असतात. तुम्ही जावासी टाइप केलं की कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, म्हणजेच सीएमडी) आधी तुम्ही उभे असलेला फोल्डर पाहतो, मग यादीतले फोल्डर क्रमानं पाहतो. बाकीची हार्ड डिस्क तो धुंडाळत नाही.

यातल्या दोन गोष्टी पुढे सारख्या लागतील. क्रमाला महत्त्व आहे. आणि ही यादी खिडकी उघडताना एकदाच वाचली जाते. नंतर यादीत केलेला बदल उघड्या खिडकीला कळत नाही.

## टप्पा १: हात लावण्याआधी पाहा

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, छोट्या चौकटीत सीएमडी टाइप करा, एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. याच रस्त्यानं या. विंडोज ११ मध्ये ‘टर्मिनल’ उघडलं तर बहुतेक वेळा पॉवरशेल ही दुसरीच आज्ञा-खिडकी येते. तिथे टक्क्यांच्या खुणा वापरून पाथ दिसत नाही आणि ‘व्हेअर’ ही आज्ञा वेगळंच काम करते: काहीच न छापता गप्प बसते. मुलांना वाटतं जावा सापडलं नाही. खिडकीतल्या ओळीच्या सुरुवातीला पीएस अशी अक्षरं दिसली तर ते पॉवरशेल आहे. बंद करा आणि सीएमडी उघडा.

आता या चार आज्ञा एकेक करून द्या आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा:

जावा -व्हर्जन
जावासी -व्हर्जन
व्हेअर जावा
व्हेअर जावासी

वजाची खूण आणि व्हर्जन यांच्यात जागा नाही. त्यांच्या आधी एक जागा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नोट्समधून ओळ उचलून पेस्ट करू नका. तिथे साध्या वजाच्या जागी लांब रेघ आलेली असते, डोळ्याला फरक कळत नाही, आज्ञा मात्र फसते.

दोन्ही आकडे आले आणि सारखे असले, तर पाथ ठीक आहे. थेट टप्पा ७ वर जा. जावा चाललं पण जावासी नाही, तर एक तर मशीनवर फक्त जेआरई आहे, म्हणजे प्रोग्रॅम चालवायचं सामान आहे पण कंपायलर नाही. किंवा जेडीके, म्हणजे कंपायलरसकट पूर्ण संच, आहे पण यादीत नाही. दोन्ही चाललं नाही, तर पुढच्या टप्प्यापासून सुरुवात करा. दोन्ही चाललं पण आकडे वेगवेगळे आहेत, तर ‘दोन जावांची भांडणं’ हा भाग नीट वाचा.

## टप्पा २: जेडीके आहे ना, याची खात्री

जेआरई उपयोगाचं नाही, जेडीके हवं. ओरॅकलचं घ्या किंवा अ‍ॅडॉप्टियमचं टेमुरिन घ्या, शिकायला फरक पडत नाही. आवृत्ती १७ किंवा २१ घ्या. या दोन्हींना दीर्घकाळ दुरुस्त्या मिळतात. मित्राच्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर घेतला तरी चालेल, फक्त फाइल पूर्ण कॉपी झाली आहे का ते आकार जुळवून पाहा.

टेमुरिन बसवताना मध्ये एक पडदा येतो, त्यात पाथमध्ये घालण्याचा आणि जावा_होम ठरवण्याचा पर्याय असतो. नेक्स्ट-नेक्स्ट दाबत पुढे जाऊ नका. जावा_होमचा पर्याय तिथे आपोआप निवडलेला नसतो, तो आपण निवडायचा. एवढं केलं तर पुढचं अर्धं काम वाचतं.

## टप्पा ३: खरा पत्ता स्वतः शोधा

सगळ्यात जास्त मुलं या टप्प्यावर चुकतात. व्हिडिओत सरांनी जेडीके-१७ लिहिलेलं असतं, आपल्या मशीनवर जेडीके-२१ असतं, आणि पत्ता मात्र व्हिडिओतला टाइप केला जातो. विंडोज हा चुकीचा पत्ता मुकाट्यानं यादीत ठेवून घेतो. ‘असा फोल्डरच नाही’ असं तो सांगत नाही.

म्हणून पत्ता टाइप करू नका, कॉपी करा. फाइल एक्स्प्लोरर उघडा. सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, त्यात जावा (टेमुरिन असेल तर एक्लिप्स अ‍ॅडॉप्टियम), त्यात जेडीकेचा फोल्डर, त्यात बिन. बिन उघडल्यावर जावासी नावाची फाइल डोळ्यांनी पाहा. ती दिसली की वरच्या पत्त्याच्या पट्टीत रिकाम्या जागी क्लिक करा, पूर्ण पत्ता निळा होईल, तो कॉपी करा. साधारण असा दिसेल:

सी:\प्रोग्रॅम फाइल्स\जावा\जेडीके-२१\बिन

तपासणी: पत्त्याच्या शेवटी बिन आहे ना? तिथे जावासीची फाइल आहे ना? दोन्हीला ‘हो’ आलं तरच पुढे चला.

‘प्रोग्रॅम फाइल्स’ नावाचे दोन फोल्डर दिसतील. एकापुढे कंसात एक्स८६ असतं. जुनं ३२-बिट जावा तिथे सापडतं. नवं जेडीके त्यात शोधू नका.

## टप्पा ४: आधी तात्पुरता बदल करून बघा

हा टप्पा बहुतेक ठिकाणी शिकवलाच जात नाही, आणि मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. कायमच्या यादीला हात लावण्याआधी पत्ता बरोबर आहे का ते एकाच खिडकीत करून पाहता येतं. सीएमडीमध्ये लिहा:

सेट पाथ=सी:\प्रोग्रॅम फाइल्स\जावा\जेडीके-२१\बिन;%पाथ%

बरोबरच्या खुणेच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडू नका. पत्त्यात ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये जागा आहे म्हणून अवतरणचिन्हं लावायचा मोह होतो, इथे लावू नका. शेवटचं %पाथ% म्हणजे आधीची यादी; ते विसरलात तर जुनी सगळी यादी या खिडकीपुरती पुसली जाईल. घाबरू नका, खिडकी बंद केली की सगळं पूर्ववत.

आता त्याच खिडकीत जावासी -व्हर्जन द्या. आकडा आला, तर पत्ता बरोबर. नाही आला, तर टप्पा ३ वर परत. पत्ता चुकलेला असताना कायमची नोंद करण्यात अर्थ नाही.

## टप्पा ५: जुन्या यादीची प्रत, मग कायमची नोंद

स्टार्ट मेन्यूच्या शोधात ‘एन्व्हायर्नमेंट’ टाइप करा. दोन नावं दिसतील: एक पूर्ण सिस्टिमसाठी, दुसरं ‘फॉर युवर अकाउंट’ असं. स्वतःच्या लॅपटॉपवर कोणतंही चालतं, पण दुसरं उघडण्याची सवय लावा. त्याचं कारण लॅबच्या भागात सांगतो.

उघडलेल्या चौकटीचे दोन भाग आहेत. वर ‘युजर व्हेरिएबल्स’, म्हणजे फक्त तुमच्या लॉगिनचे. खाली ‘सिस्टिम व्हेरिएबल्स’, म्हणजे मशीनवरच्या सगळ्यांचे. पाथ दोन्हीकडे असतो. खिडकी उघडताना विंडोज आधी सिस्टिमचा पाथ घेतो आणि त्याच्या शेपटीला युजरचा जोडतो.

१. वरच्या भागातल्या पाथवर एकदा क्लिक करा आणि एडिट दाबा. यादी ओळीओळीनं दिसेल.

२. उजवीकडे ‘एडिट टेक्स्ट’ बटण आहे. त्यानं पूर्ण यादी एका ओळीत दिसते. ती कॉपी करून नोटपॅडमध्ये जपून ठेवा, आणि ही चौकट कॅन्सल करा. या प्रतीनं अनेकांची संध्याकाळ वाचवली आहे.

३. पुन्हा पाथ निवडून एडिट. आता ‘न्यू’ दाबा. खाली कोरी ओळ येईल. त्यात टप्पा ३ मधला पत्ता पेस्ट करा, एंटर दाबा.

४. ओके. मग मागच्या चौकटीवर ओके. तिसरी चौकट उघडी असेल तर तिच्यावरही ओके. पहिल्या दोन चौकटींपैकी एक जरी कोपऱ्यातल्या फुलीनं बंद केली तरी मेहनत वाया जाते.

इशारा: ‘न्यू’ न दाबता थेट ‘ब्राउझ’ दाबू नका. त्या वेळी जी जुनी ओळ निवडलेली असेल ती बदलली जाऊ शकते, आणि पहिली ओळ बहुधा आपोआप निवडलेलीच असते.

वरच्या भागात पाथ नावाची नोंदच नसेल तर ‘न्यू’ दाबून पाथ नावानं नवी करा. पण आहे ती नोंद डिलीट करून ‘स्वच्छ’ नवी करायला जाऊ नका. त्यातल्या ओळी परक्या वाटल्या तरी कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरला त्या लागतात.

आणखी एक इशारा, आणि हा गंभीर आहे. इंटरनेटवर ‘सेटएक्स पाथ’ने सुरू होणारी, शेवटी %पाथ% जोडलेली एका ओळीची आज्ञा सापडते. ती वापरू नका. सेटएक्स १०२४ अक्षरांच्या पुढचं सगळं कापून टाकतं. शिवाय %पाथ% म्हणजे सिस्टिम आणि युजर दोन्हींची बेरीज असते. ती सगळी युजरच्या पाथमध्ये कोंबली जाते. यादी लांब असेल तर शेपूट गेलीच म्हणून समजा.

## टप्पा ६: नवी खिडकी, मगच तपासणी

आधीची काळी खिडकी बंद करा आणि नवी उघडा. उघड्या खिडकीकडे जुन्या यादीची प्रत आहे. ती त्या यादीवरच चालत राहणार. लॅपटॉप बंद-चालू करायची गरज नाही. व्हीएस कोडमधलं टर्मिनल वापरत असाल तर नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही, अख्खा व्हीएस कोड बंद करून पुन्हा उघडावा लागतो, कारण टर्मिनल आपली यादी व्हीएस कोडकडून घेतं.

नव्या खिडकीत टप्पा १ च्या चारही आज्ञा पुन्हा द्या. व्हेअर जावासीच्या उत्तरातली पहिली ओळ तुम्ही घातलेल्या बिनची असायला हवी. दोन-तीन ओळी आल्या तर घाबरू नका. पहिली असेल तीच चालते, बाकीच्या नुसत्या रांगेत उभ्या आहेत.

## टप्पा ७: जावा_होम

कंपाइल करायला जावा_होम लागत नाही. पाथ बसला की जावासी चालतं. पण पुढे मेव्हन, ग्रेडल, टॉमकॅट या मोठे प्रोजेक्ट बांधायच्या-चालवायच्या साधनांतलं काही आलं की ते जावा_होम शोधतात. आत्ताच घालून ठेवलेलं बरं.

त्याच चौकटीत, युजर व्हेरिएबल्समध्ये ‘न्यू’ दाबा. नाव जावा_होम. किंमत म्हणून जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता, बिन सोडून:

सी:\प्रोग्रॅम फाइल्स\जावा\जेडीके-२१

पाथमध्ये बिन हवं, जावा_होममध्ये बिन नको. पोरं याची नेमकी उलटापालट करतात. जावा_होम म्हणजे घर. घरात बिन नावाची खोली कुठे आहे ते मेव्हन स्वतः शोधतो. तुम्ही घराच्या जागी खोलीचाच पत्ता दिला तर तो खोलीत आणखी एक बिन शोधायला जातो आणि रिकाम्या हातानं परततो. पत्त्याभोवती अवतरणचिन्हं नकोत, शेवटी अर्धविराम नको.

तपासणी: नवी खिडकी उघडून इको %जावा_होम% द्या. इको म्हणजे ई-सी-एच-ओ. पत्ता छापला तर झालं. टक्क्यांसकट जसंच्या तसं नावच छापलं, तर नोंद झालेली नाही किंवा नावात चूक आहे.

काहीजण पाथमध्ये पूर्ण पत्त्याऐवजी %जावा_होम%\बिन लिहितात. पद्धत चांगली आहे, जेडीके बदललं की एकाच ठिकाणी बदल करावा लागतो. पण मग दोन्ही नोंदी एकाच भागात ठेवा. जावा_होम युजरमध्ये आणि ते वापरणारा पाथ सिस्टिममध्ये, असं केलं तर चालत नाही. सिस्टिमचा पाथ आधी बनतो आणि तेव्हा युजरचं जावा_होम अजून आलेलंच नसतं.

## टप्पा ८: पहिला प्रोग्रॅम

कामाचा फोल्डर सी ड्राइव्हवर सरळ करा: सी:\काम. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. डेस्कटॉपवर नको, बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप वनड्राइव्हच्या पोटात गेलेला असतो आणि मुलं सीडी या फोल्डर बदलायच्या आज्ञेनं भलत्याच डेस्कटॉपवर जाऊन पोहोचतात. मराठी नावाचे फोल्डर मलाही आवडतात, पण काही कंपायलर आणि जुनी साधनं देवनागरी पत्त्यावर अडखळतात. तसंच, पहिल्याच प्रोग्रॅमनं ‘नमस्कार’ देवनागरीत छापायला लावू नका. काळ्या खिडकीत प्रश्नचिन्हं उमटतील आणि प्रोग्रॅम चुकला असं वाटेल. आधी इंग्रजी अक्षरांत छापा.

नोटपॅडमध्ये पुस्तकातला पहिला प्रोग्रॅम लिहा. क्लासचं नाव ‘पहिला’ ठेवलं, पी मोठा, तर फाइलचं नाव पहिला.जावा, तिथेही पी मोठाच. पब्लिक क्लास आणि फाइल यांचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं.

सेव्ह करताना खालच्या ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा. नाहीतर फाइल पहिला.जावा.टीएक्सटी अशी सेव्ह होते, आणि विंडोज शेवटचं टीएक्सटी लपवतो. माझ्याकडे एक मुलगी दोन दिवस ‘फाइल नॉट फाउंड’ घेऊन येत होती. पाथ अचूक, प्रोग्रॅम अचूक. मी सीएमडीत डीआयआर द्यायला सांगितलं आणि ती स्वतःच म्हणाली, “सर, ह्याला तर शेपूट लागलंय.” डीआयआर फाइलचं खरं नाव दाखवतं, म्हणून कंपाइल करण्याआधी ते एकदा द्यायचंच. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करून ठेवलीत तर हा त्रास कायमचा मिटतो.

मग क्रमानं:

सीडी सी:\काम
डीआयआर
जावासी पहिला.जावा
जावा पहिला

कंपाइल करताना फाइलचं पूर्ण नाव, चालवताना फक्त क्लासचं नाव. ‘जावा पहिला.क्लास’ असं लिहिलं तर क्लास सापडत नाही. जावासीनं काहीच छापलं नाही तर ती चांगली बातमी आहे: चूक नाही. फोल्डरमध्ये पहिला.क्लास तयार झालेली दिसेल.

फोल्डर डी ड्राइव्हवर असेल तर नुसत्या सीडीनं ड्राइव्ह बदलत नाही. आधी डी: लिहून एंटर, मग सीडी.

## दोन जावांची भांडणं

जावासी चाललं, क्लास फाइल बनली, आणि चालवताना ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ आला. त्यात लिहिलेलं असतं, क्लास फाइल ६५.० आहे आणि हे जावा ५२.० पर्यंतच ओळखतं. ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे १७, ५५ म्हणजे ११, ५२ म्हणजे ८. सांगायचं एवढंच की कंपाइल नव्यानं केलंय आणि चालवायला जुनं जावा आलंय.

हे घडतं कसं? सरकारी फॉर्म भरायच्या किंवा डिजिटल सहीच्या एखाद्या सॉफ्टवेअरसाठी कुणीतरी पूर्वी जावा ८ बसवलेलं असतं. त्यानं सिस्टिमच्या पाथमध्ये, ओरॅकलच्या ‘जावापाथ’ नावाच्या फोल्डरची ओळ घातलेली असते. त्या फोल्डरात जावा आहे, जावासी नाही. तुम्ही नवं बिन युजरच्या पाथमध्ये घातलं, म्हणजे रांगेत मागे. जावा मागितलं की पुढचं जुनं मिळतं. जावासी पुढे नाहीच, म्हणून मागचं नवं मिळतं. व्हेअर जावा दिलं की दोन ओळींत हे सगळं उघड होतं.

जुनं जावा कुणाला लागत नसेल तर सेटिंग्जमधून काढून टाका. लागत असेल तर सिस्टिमच्या पाथमध्ये नव्या बिनची ओळ घालून ‘मूव्ह अप’नं जावापाथच्या वर न्या. त्यानंतर जुनं सॉफ्टवेअर उघडून चालतंय का ते तपासा. घरातलं तेच मशीन वडील किंवा भाऊ कामासाठी वापरत असतील तर त्यांना विचारूनच हे करा.

## क्लासपाथ घालू नका

जुन्या पुस्तकांत क्लासपाथही, म्हणजे क्लास फाइली कुठे शोधायच्या त्याची यादी, सेट करायला सांगितलेलं असतं. नवशिक्याला त्याची गरज नाही. ते रिकामं असताना जावा तुम्ही उभे असलेल्या फोल्डरात क्लास शोधतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. क्लासपाथ घातला आणि त्यात एकट्या टिंबाची नोंद नसली, तर समोर असलेली पहिला.क्लासही त्याला दिसत नाही आणि ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’ येतं. इको %क्लासपाथ% देऊन पाहा. काही पत्ता छापला, आणि तो कशासाठी घातलाय ते घरात कुणाला माहीत नसेल, तर नोंद काढून नव्या खिडकीत पुन्हा चालवा.

## पाथ पुसला गेला तर

घाईत सिस्टिमच्या पाथची जुनी यादी उडवून तिथे एकटा जावाचा पत्ता ठेवला जातो. मग पिंग चालत नाही, आयपीकॉन्फिग चालत नाही, व्हेअरसुद्धा चालत नाही. अशा वेळी काहीही बंद करू नका. बदलाच्या आधीपासून उघडी असलेली एखादी सीएमडी खिडकी आहे का पाहा. तिच्याकडे जुनी यादी अजून शाबूत आहे. तिच्यात इको %पाथ% द्या आणि आलेली पूर्ण ओळ नोटपॅडमध्ये उतरवून घ्या.

तशी खिडकी नसेल आणि प्रतही ठेवलेली नसेल, तर सिस्टिमच्या पाथमध्ये निदान या ओळी परत घाला, प्रत्येक वेगळी: %सिस्टिमरूट%\सिस्टिम३२, मग %सिस्टिमरूट%, मग %सिस्टिमरूट%\सिस्टिम३२\डब्ल्यूबीईएम, मग %सिस्टिमरूट%\सिस्टिम३२\विंडोजपॉवरशेल\व्ही१.०\. विंडोजचं रोजचं काम सुरू होईल. बाकी सॉफ्टवेअरचे पत्ते एकेक करून घालावे लागतील.

## कॉलेजच्या लॅबमध्ये

लॅबच्या मशीनवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड आपल्याकडे नसतो, आणि तो मागायचीही गरज नाही. सिस्टिमचा भाग फिका दिसेल; युजरचा भाग तुमचा आहे. ‘फॉर युवर अकाउंट’वाल्या नावानंच जा. दुसऱ्या रस्त्यानं गेलात आणि लॅब असिस्टंटनं मदत म्हणून अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून दिला, तर वरच्या भागात अ‍ॅडमिनचे व्हेरिएबल्स उघडतात. बदल त्याच्या खात्यात होतो, तुमच्या नाही, आणि दोघंही डोकं धरून बसता.

जेडीकेची झिप फाइल मिळते. ती पेनड्राइव्हवरून आणून स्वतःच्या फोल्डरात उघडली तरी पुरे, बसवावी लागत नाही. मग टप्पा ४ ची तात्पुरती आज्ञा रोज एकदा द्या. तिच्यात आपलं बिन सगळ्यांच्या पुढे लागतं, त्यामुळे लॅबमधलं जुनं जावाही आड येत नाही. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी याच पद्धतीवर भरवसा ठेवा. नेमून दिलेलं मशीन बदललं तरी ती चालते.

## सी, पायथॉन आणि लिनक्स

सीसाठी रीत हीच, फक्त पत्ता वेगळा. एमएसवायएस२ या संचातून जीसीसी (सीचा कंपायलर) घेतलं असेल तर साधारण सी:\एमएसवायएस६४\यूसीआरटी६४\बिन हा फोल्डर पाथमध्ये जातो. जीसीसीची फाइल त्यात दिसते का ते आधी पाहा. नुसतं एमएसवायएस२ बसवून जीसीसी येत नाही, ते त्याच्या आतून वेगळं घ्यावं लागतं.

पायथॉनमध्ये इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर खाली ‘अ‍ॅड पायथॉन टू पाथ’ची खूण असते. ती करा, काम संपलं. खूण राहिली तर पायथॉन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, कारण विंडोजनं त्या नावाची एक पोकळ नोंद आधीच ठेवलेली असते. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप एक्झिक्युशन अलायसेस’ शोधून पायथॉनच्या त्या नोंदी बंद करा, आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवून पाथची खूण करा.

लिनक्सवर यादी अर्धविरामानं नाही, विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडतात, आणि टक्क्यांऐवजी डॉलरची खूण लागते. नोंद घरच्या फोल्डरातल्या .बॅशआरसी फाइलच्या शेवटी करतात आणि नवं टर्मिनल उघडतात.

## मदत मागताना काय पाठवायचं

सगळं करूनही अडलं, तर ‘सर चालंना’ एवढंच पाठवू नका. मोबाइलनं अर्ध्या पडद्याचा तिरका फोटोही नको. एक नवी सीएमडी खिडकी उघडा, त्यात व्हेअर जावा, व्हेअर जावासी, इको %जावा_होम%, इको %पाथ% आणि तुमच्या फोल्डरातलं डीआयआर, या पाच आज्ञा या क्रमानं द्या. माउसनं सगळं निवडून एंटर दाबा, म्हणजे ते कॉपी होतं. ते मजकूर म्हणून पेस्ट करा आणि खाली शेवटी आलेली, चूक सांगणारी ओळ पूर्ण लिहा. पाथमध्ये तुमच्या लॉगिनचं नाव दिसतं, म्हणून हे गटात न टाकता ज्याला विचारताय त्यालाच पाठवा.